‘सडन’ म्हणजे किती वेळात?

‘सडन’ हे इंग्रजी विशेषण शाळेत पाचवी-सहावीलाच भेटते. मास्तर फळ्यावर अर्थ लिहितात : अचानक, एकदम, अकस्मात. मुले तीन शब्द वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. मीही तसाच वळलो होतो. या शब्दापाशी परत यावे लागले ते वयाच्या चाळिशीत, पोटापाण्याच्या कामामुळे.

मी वकील नाही आणि भाषाशास्त्राचा पदवीधरही नाही. बारावीनंतर टंकलेखन शिकलो, जिल्ह्याच्या गावी वकिलांकडे टायपिस्ट म्हणून बसलो आणि हळूहळू मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करू लागलो. खालच्या न्यायालयात मराठीत झालेली साक्ष अपिलात वर जाते तेव्हा तिचे इंग्रजी करावे लागते. असेच एक खुनाचे प्रकरण होते. भावकीतला वाद, बांधावरून. साक्षीदार बाई म्हणाली होती, ‘बोलाचाली झाली, आन् मंग त्यानं एकदम दोन वार केलं.’ मी सरळ लिहून टाकले की त्याने ‘सडनली’ दोन वार केले. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांचा प्रश्न एवढाच होता : ‘बाईला अचानक म्हणायचंय, की दोन्ही वार एकापाठोपाठ एका दमात केले असं म्हणायचंय?’

मला उत्तर देता आले नाही. साक्ष पुन्हा वाचली. चार ओळी वर बाईने सांगितले होते की बोलाचाली झाल्यावर तो गोठ्यात गेला, कोयता घेऊन आला. म्हणजे ‘एकदम’चा अर्थ दुसराच होता. त्या एका क्रियाविशेषणाच्या आधारावर कोणी जन्मठेपेची दहा वर्षे करून मागू शकला असता, आणि तो आधार साक्षीदाराने दिलेला नव्हता, मी दिला होता. भाषांतर दाखल होण्यापूर्वी दुरुस्त झाले. त्यानंतर मात्र या शब्दाच्या मागे लागलो, तो आजपर्यंत.

आधी शब्दाच्या कुळाकडे पाहू. ‘सडन’ मूळचा लॅटिन. ‘सुब’ म्हणजे खालून आणि ‘ईरे’ म्हणजे जाणे. या दोहोंपासून ‘सुबीरे’ हे क्रियापद झाले, नकळत खालून वर येणे अशा अर्थाचे. त्यावरून ‘सुबितुस’, मग जुन्या फ्रेंचमध्ये त्याची झीज होऊन ‘सुदेन’सारखे रूप आणि तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावर ते इंग्रजीत आले. पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत ‘सुबितो’ अशी सूचना असते, म्हणजे हळूहळू नव्हे, तिथल्या तिथे आवाज उतरव किंवा चढव. तोही याच घरातला. थोडक्यात, ‘सडन’मध्ये मुळात वेगाचे चित्र नाही. चित्र आहे ते पाहणाऱ्याला न दिसलेल्या वाटेचे. पाण्याखालून सुसर येते तेव्हा ती सावकाशच आलेली असते. अचानकपणा काठावरच्या माणसाच्या बाजूला असतो. शेक्सपिअरच्या नाटकांत तर माणसालाही ‘सडन’ म्हटलेले आढळते, आपण शीघ्रकोपी म्हणतो त्या अर्थाने.

त्याचा शेजारी ‘ॲब्रप्ट’. पुष्कळ जण या दोहोंना जुळे भाऊ समजतात, पण यांची आई वेगळी. ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे, ‘ॲब्रप्ट’ म्हणजे तुटून निघालेला. इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट ही सगळी याच तोडमोडीची भावंडे. म्हणून ‘ॲब्रप्ट’ हे आधी उभ्या तुटलेल्या कड्याचे विशेषण होऊ शकते आणि नंतर माणसाच्या बोलण्याचे. येथे मला मराठीने एक सुखद धक्का दिला. फटकून, अर्धवट उत्तरे देणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘ॲब्रप्ट’ म्हणतात, आणि आपण? तुटक. ‘तो माझ्याशी तुटक बोलला.’ सह्याद्रीच्या कोकणाकडच्या बाजूलाही आपण ‘तुटलेला कडा’ म्हणतो. रोमन माणसाने आणि घाटावरच्या माणसाने एकमेकांना न विचारता एकाच क्रियापदातून कडाही काढला आणि तुसडे बोलणेही काढले. दुसरे एक विशेषण ‘प्रेसिपिटेट’, उतावळ्या कृतीसाठीचे. त्यात ‘कापुत’ म्हणजे डोके दडलेले आहे : डोके पुढे करून कोसळणारा. त्याचाही एक जोडीदार ‘प्रेसिपिटस’ कड्यालाच लागतो. अचानकपणाची कल्पना करताना माणसाला वारंवार डोंगराची कडा आठवलेली दिसते.

ढोबळ फरक असा धरावा : ‘सडन’मध्ये सुरुवात लक्षात भरते, ‘ॲब्रप्ट’मध्ये आधी चाललेल्या गोष्टीचे तुटणे. सभा ‘ॲब्रप्ट’ संपते, पाऊस ‘सडन’ येतो. पण या शब्दांना घड्याळ लावू गेले की मजा येते. हवामानशास्त्रज्ञ ‘ॲब्रप्ट’ बदल म्हणतात तेव्हा ते काही दशकांबद्दल बोलत असतात. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ‘यंगर ड्रायस’ नावाचा थंडीचा काळ संपून ग्रीनलंड तापला, तो काही दशकांत तापला, आणि हजारो वर्षांच्या चालीशी तुलना करता ते तुटणेच होते. उलट हृदयविकाराने येणाऱ्या ‘सडन’ मृत्यूची वैद्यकातली रूढ व्याख्या लक्षणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आतला मृत्यू अशी आहे. मरताना कोणी पाहिले नसेल, तर २४ तासांपूर्वी माणूस धडधाकट दिसला होता का, हे पाहतात. डॉक्टरांनी विशेषणाला तास नेमून दिला. कायद्याने तो कधीच नेमला नाही, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

कायद्याकडे जाण्यापूर्वी आपल्या वहीतले ते तीन मराठी शब्द तपासून घेऊ, कारण भाषांतरकाराचा घात तेच करतात. ‘एकदम’ फारसी वळणाचा. दम म्हणजे श्वास, एकदम म्हणजे एका श्वासात. हा शब्द खरोखर वेळेचा आहे. पण आपण त्याला इतके राबवले आहे की ‘एकदम मस्त’मध्ये तो पूर्णपणा दाखवतो आणि ‘सगळे एकदम बोलू नका’मध्ये समकालिकता. ‘अकस्मात्’ संस्कृत. कस्मात् म्हणजे कशामुळे, अकस्मात् म्हणजे ‘कशामुळेही नाही’. म्हणजे हा शब्द काळाचा नाहीच, कारणाचा आहे. ज्याचे कारण दिसत नाही ते अकस्मात. त्याचे विशेषण आकस्मिक.

आता पोलिस ठाण्याची भाषा पाहा. ‘अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे,’ हे वाक्य वर्तमानपत्रात रोज असते. गळफास घेतलेल्या माणसाच्या बातमीतही तेच आणि विहिरीत सापडलेल्या प्रेताच्या बातमीतही तेच. येथे अकस्मात म्हणजे इंग्रजीतले ‘ॲक्सिडेंटल’. राज्यघटनेतला आकस्मिकता निधी म्हणजे ‘काँटिंजन्सी’ फंड. हिंदी कार्यालयांत ‘कॅज्युअल’ रजा हीसुद्धा आकस्मिक, आपण तिला किरकोळ म्हणून मोकळे झालो ते बरे केले. अपघाती, अनिश्चित, किरकोळ आणि अचानक अशा चार गोष्टींना एकच शब्द. आणि कायद्याच्या मराठीत ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’ याला आपण साधारणपणे म्हणतो ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’.

भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दिला, कायदा १८६० मध्ये झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला. त्यातील कलम ३०० खुनाची व्याख्या करते आणि मग अपवाद सांगते. पहिला अपवाद प्रक्षोभाचा : गंभीर आणि ‘सडन’ प्रक्षोभामुळे आत्मसंयमनाची शक्ती हरपून ज्याने प्रक्षोभ दिला त्याला मारले, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. सोबत उदाहरणही दिले आहे. प्रक्षोभ एकाने दिला आणि त्या भरात त्याच्या मुलाला जाणूनबुजून मारले, तर तो खूनच, कारण प्रक्षोभ मुलाने दिला नव्हता. चौथा अपवाद मारामारीचा, आणि त्यात हे विशेषण एका दमात दोनदा येते, ‘सडन’ भांडणातून झालेली ‘सडन’ मारामारी. पूर्वतयारी नको, गैरफायदा नको, क्रूर वागणे नको, आणि आधी कोणी डिवचले याला महत्त्व नाही. खेड्यातला साक्षीदार दोहोंनाही ‘भांडण’च म्हणतो. तोंडाचे की हाताचे, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारायची वेळ उलटतपासणीत गेलेली असते.

शिक्षेतला फरक सांगितला की प्रकरणाचे वजन कळेल. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधात उद्देश असेल तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, ३०० चे १०१ झाले, काही शिक्षांची किमान मर्यादा बदलली, पण अपवादांतले हे विशेषण जागच्या जागी राहिले.

या विशेषणाचा अर्थ ठरवणारा देशातला सर्वांत गाजलेला निकाल मुंबईतल्या खटल्यातून आला. कमांडर कावस नानावटींचा खटला चित्रपटांमुळे आणि मालिकांमुळे सर्वांना माहीत आहे, पण बहुतेकांना त्यातले प्रेमप्रकरण आठवते. माझे लक्ष घड्याळावर होते. २७ एप्रिल १९५९. ‘आयएनएस मैसूर’वरचे हे नौदल अधिकारी दुपारी घरी असताना पत्नी सिल्व्हियाने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मोटारीने चित्रपटगृहावर सोडले. तिथून जहाजावर गेले, खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आहुजाच्या कार्यालयात गेले, तो तेथे नाही म्हणून त्याच्या फ्लॅटवर गेले. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. घरून निघाले होते दीडच्या सुमारास.

ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, आणि मार्च १९६० मध्ये तेथे जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. (जाता जाता : सप्टेंबर १९६० मध्ये राज्यपालांच्या अधिकारावरून याच प्रकरणात जो निकाल झाला त्याच्या शीर्षकात प्रतिवादी ‘मुंबई राज्य’ आहे, १९६१ च्या शीर्षकात ‘महाराष्ट्र राज्य’. खरे तर आपले राज्य पहिल्या निकालाच्या आधीच जन्माला आले होते. याच खटल्याने ज्युरी पद्धत एका रात्रीत संपवली असे जे सांगितले जाते तेही अतिशयोक्त आहे. तिला कायद्यात जागा उरली नाही ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत.)

न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निकालात ‘सडन’ची मोजपट्टी सापडते. आरोपीच्या समाजस्तरातला समंजस माणूस त्या परिस्थितीत ताबा घालवून बसला असता का, हे पाहायचे. शब्द आणि हावभाव यांनीही प्रक्षोभ होऊ शकतो. मृताच्या आधीच्या कृत्यांनी तयार झालेली मनाची पार्श्वभूमी लक्षात घेता येते. पण प्राणघातक कृत्य त्या उद्रेकातूनच झालेले दिसले पाहिजे. मधल्या वेळाने राग निवाला असेल, बेत आखायला वाव मिळाला असेल, तर सवलत नाही. दीड ते चार-वीस, म्हणजे जवळजवळ तीन तास. बायकामुलांना चित्रपटाला सोडणारा आणि त्यांच्या भवितव्याचा विचार करणारा माणूस ताळ्यावर आलेला होता, असे न्यायालयाने मानले.

मला यात आणखी एक गोष्ट दिसली, जी केवळ मराठीतूनच दिसते. बचावाचा मुख्य मुद्दा प्रक्षोभ हा नव्हताच. दोघांची झटापट झाली आणि रिव्हॉल्व्हर आपोआप उडाले, म्हणजे अपघात, हा पहिला बचाव. प्रक्षोभ हा पर्यायी. इंग्रजीत या दोन अगदी विरुद्ध गोष्टी आहेत. अपघात म्हणणारा सांगतो, मी मारलेच नाही. प्रक्षोभ म्हणणारा सांगतो, मारले, पण माझा ताबा सुटला होता. मराठीत मात्र पहिली घटना आकस्मिक आणि दुसरा प्रक्षोभही आकस्मिक. आपल्या शब्दाने दोन्ही बचाव एका पिशवीत भरले आहेत. नानावटींना पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्या माफीला कोणत्याच विशेषणाची गरज पडली नाही.

आता ज्या देशातून हे विशेषण आले तिथे त्याचे काय झाले ते पाहू. इंग्लंडमध्ये १९४९ च्या डफी खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्युरीला सांगितले की प्रक्षोभ म्हणजे आत्मसंयमनाचा ‘सडन’ आणि तात्पुरता लोप. ती डफी नावाची स्त्री नवऱ्याच्या माराला कंटाळलेली होती. ती खोलीबाहेर गेली आणि नवरा अंथरुणावर असताना परत आली. १९५७ च्या कायद्यात ‘सडन’ हा शब्द नव्हता, तरी न्यायालये तो डफीतून उचलून वापरत राहिली. आक्षेप हळूहळू जमत गेला : हे विशेषण पुरुषी आहे. ज्याच्या अंगात बळ आहे त्याला राग आला की त्याचा हात तत्क्षणी उठतो. जिला उलट मार खावा लागणार हे माहीत आहे ती त्या क्षणी गप्प राहते. तिचा राग निवत नाही, साचतो. कायदा मात्र मधल्या वेळाला थंडावण्याचा वेळ समजतो.

किरणजित अहलुवालिया हे नाव यात महत्त्वाचे आहे. पंजाबातून लग्न होऊन इंग्लंडला गेलेली ही स्त्री दहा वर्षे छळ सोसत होती. मे १९८९ मधल्या एका रात्री नवरा झोपल्यावर तिने पेट्रोल ओतून आग लावली. तो काही दिवसांनी मेला. तिला खुनासाठी जन्मठेप झाली. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने तिची बाजू लावून धरली. १९९२ च्या अपिलात न्यायालयाने शिक्षा रद्द केली खरी, पण ती मानसिक स्थितीच्या नव्या पुराव्यावर. नुसत्या विलंबाने प्रक्षोभाचा बचाव आपोआप बाद होत नाही एवढे त्यांनी मान्य केले. ‘सडन’ मात्र ते सोडायला तयार झाले नाहीत, तो बदल संसदेने करावा म्हणाले. संसदेला १७ वर्षे लागली. २००९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की संयम सुटणे ‘सडन’ असण्याची आवश्यकता नाही, आणि ऑक्टोबर २०१० पासून ते लागू झाले. त्याच कायद्यात जोडीदाराची लैंगिक बेइमानी हे एवढेच कारण चालणार नाही, असेही म्हटले. म्हणजे आजच्या इंग्लंडमध्ये नानावटींना त्या कबुलीवर उभे राहणे अवघड झाले असते आणि किरणजितला तिच्या विलंबाने एवढे अडवले नसते.

आपल्याकडे संसदेने हा शब्द हलवलेला नाही, पण न्यायालयांनी त्याच्या आजूबाजूची जमीन थोडी सैल केली आहे. मद्रास उच्च न्यायालयापुढे १९८९ मध्ये सुयंबुकनी या स्त्रीचे प्रकरण आले. ती मुलांसह विहिरीत उतरली होती. मुले गेली, ती वाचली. न्यायालयाने तामिळ लोककथेतल्या नल्लतंगाळची आठवण काढली, दुष्काळात सात मुलांसह विहीर जवळ करणारी ती आई, आणि कलमात न लिहिलेली कल्पना मांडली : सातत्याचा, साचत गेलेला प्रक्षोभ. माझ्या मते हा निकाल जितका माणुसकीचा आहे तितकाच तो भाषेच्या दृष्टीने धाडसी आहे, कारण ‘सडन’ या शब्दाच्या छातीवर त्याने त्याचा विरुद्धार्थी शब्द आणून बसवला. पण लॅटिन मुळाकडे पाहिले तर तो तितका विरुद्ध राहत नाही. खालून, न दिसता, सावकाश वर येणे हाच तर ‘सुबीरे’चा अर्थ. दहा वर्षे साचलेला राग एका रात्री वर येतो तेव्हा मूळ अर्थाने तो अगदी ‘सडन’ असतो. शब्दकोश न्यायाधीशांना बांधील नसतो हे मला कळते, तरी हे नोंदवून ठेवतो.

मग मराठीत कोणता शब्द घ्यावा? ‘आकस्मिक’ मला नको वाटतो, कारण तो कारणच नाकारतो. प्रक्षोभाला तर कारण असावेच लागते, तेच सिद्ध करायचे असते. ‘अकारण प्रक्षोभ’ असा वदतोव्याघात आपण दीर्घकाळ कायद्याच्या मराठीत सांभाळतो आहोत. ‘एकाएकी’ बरा आहे, त्यात कारणाला नकार नाही. ‘तत्काळ’ अधिक काटेकोर, पण तो आदेशासारखा वाजतो. ‘तडकाफडकी’ बोलीतला जिवंत शब्द, परंतु त्यात निर्णयाचा वास येतो. राजीनामा तडकाफडकी देतात, संयम तसा सुटत नाही. मी स्वतः कामात ‘एकाएकी उसळलेला’ लिहितो. उसळण्यात ते खालून वर येणेही आपोआप येते. एका वकिलांनी ते खोडून पुन्हा ‘आकस्मिक’ केले, कारण छापील पुस्तकात तसे आहे. त्यांचेही चूक नाही.

साक्षीत ‘एकदम’ आला की मात्र आता मी थांबतो. त्या शब्दाच्या आधीच्या दहा ओळी पाहतो. माणूस जागचा हलला होता का, हत्यार हाताशी होते की आणले, मध्ये कोणी त्याला धरले किंवा पाणी दिले का. इंग्रजी मजकुरात मूळ मराठी शब्द जसाच्या तसा ठेवतो आणि कडेला दोन्ही अर्थ लिहून देतो. पान थोडे गिचमिड दिसते. टंकलेखनाचे पैसे ओळीवर मिळतात, कडेच्या मजकुराचे मिळत नाहीत.